घरचं मैदान किती लांब?

डोंबिवलीहून अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर जायचं तर रस्ता असा. फास्ट लोकल पकडून घाटकोपर. तिथे गर्दीबरोबर पूल चढून मेट्रोत. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका करत अंधेरी ओलांडायचं आणि आझादनगरला उतरायचं. मग वीरा देसाई रोडपर्यंत पायी. शहाजी राजे क्रीडासंकुलाचे दिवे दिसू लागले की आलं मैदान. मेट्रोची ही लाइन जून २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी अंधेरी गाठायला दादरला उतरून पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी धरावी लागे. ठाण्याच्या माणसाचा प्रवास थोडा कमी, कल्याणच्या माणसाचा थोडा जास्त. पण साडेसातच्या मॅचसाठी चारनंतर निघायचं आणि परत घराची कडी वाजवायची ती अकराच्या पुढे, हे तिघांनाही सारखंच.

या प्रवासाचा हिशेब इथे मांडायचं कारण असं, की फुटबॉलच्या लीगमध्ये ‘घरचं मैदान’ ही गणितातली एक संख्या आहे. अर्धे सामने घरी, अर्धे बाहेर, या एका अटीवर साऱ्या स्पर्धेचा डोलारा उभा असतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर. म्हणजे दोन्ही मिळून ३० लाखांहून जास्त माणसं, आणि देशाच्या अव्वल श्रेणीत खेळणारा त्यांचा स्वतःचा क्लब एकही नाही. ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम ओळखलं जातं ते क्रिकेटसाठी. अंबरनाथचं नाव लावणारा अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब राष्ट्रीय फुटबॉलच्या खालच्या श्रेणीपर्यंत पोचला, तोच काय तो जवळचा. बाकी इथलं फुटबॉल म्हणजे जाळी लावलेलं टर्फ, तासावर भाडं, पाच-पाच जणांचे दोन संघ आणि पुढच्या स्लॉटवाले बाहेर बूट घालून तयार. क्लब म्हणावा तर मुंबईचा, मुंबई सिटी एफसी. तो कायम रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला.

आणि या क्लबचा सर्वांत मोठा मोसम, २०२०-२१ चा, असा आला की त्यात खऱ्या अर्थाने घरचं मैदान कुणालाच नव्हतं.

तक्ता आणि चषक

आधी मोसम म्हणजे काय ते पाहू. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ‘स्पर्धा’ म्हटलं की अंतिम सामना आठवतो. फुटबॉलची लीग मुळात वेगळी. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा भिडतो, एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर शून्य. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. इंग्लंड, स्पेन, जर्मनीत एवढ्यावरच काम संपतं. तिथे अंतिम सामना नावाचा प्रकारच नाही. एखाद्या दिवशी नशिबाने हात दिला म्हणून कुणी विजेता होत नाही. पावसातली मॅच, दुखापती, पंचांची चूक, सगळं पचवून जो वर उरतो तो खरा, असा त्यामागचा विचार.

भारतात त्या मोसमात दोन्ही परंपरांचा मेळ घातलेला होता. इंडियन सुपर लीगमध्ये साखळी सामन्यांच्या गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला ‘लीग विनर्स शील्ड’ मिळे, आणि वरच्या संघांत पुढे बाद फेरी होऊन जिंकणाऱ्याला चषक. आयपीएलमध्ये साखळीत पहिल्या आलेल्या संघाला फार तर एक जादा संधी मिळते. इथे पहिलं येणं हाच वेगळा किताब होता. शिवाय त्या वेळी शील्डला आणखी एक मोल होतं. शील्ड जिंकणाऱ्याला आशियातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत, थेट जागा मिळे.

२०२०-२१ मध्ये संघ होते ११. कोलकात्याचा ईस्ट बंगाल याच मोसमात लीगमध्ये आला आणि मोहन बागान एटीकेशी एकत्र होऊन उतरला. प्रत्येकाचे २० सामने म्हणजे साखळीचे एकूण ११०, त्यात उपांत्य फेरीचे ४ आणि अंतिम १. असे ११५ सामने २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात खेळले गेले. आणि ते सगळे गोव्यात.

कूपरेज, नेरूळ, अंधेरी

गोव्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ. मुंबईला राष्ट्रीय विजेतेपद नवं नव्हतं, पण दुर्मीळ होतं. देशाची पहिली राष्ट्रीय लीग, नॅशनल फुटबॉल लीग, १९९६-९७ मध्ये सुरू झाली आणि पंजाबच्या जेसीटीने ती जिंकली. पुढची आठ वर्षं किताब कोलकाता आणि गोवा यांच्यातच फिरत राहिला. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली महिंद्रा युनायटेडने तो मुंबईत आणला. त्या लीगचे एकूण ११ मोसम झाले, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला हा एकच. महिंद्राचं घर होतं कूपरेज. डोंबिवलीकराने सीएसएमटीला उतरायचं आणि फोर्टमधून, ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जायचं. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. २००८ पासून मुंबई एफसी नावाचा क्लब नॅशनल फुटबॉल लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये होता, तोही २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि मग दिसेनासा झाला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी एफसी जन्माला आला, आणि पहिली दोन वर्षं ठाणेकरांची चैन झाली. मैदान होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी सरळ नेरूळला सोडते. गाडी बदलायला नको, पूल चढायला नको. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा निकोलस अनेल्का आणि स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग आकाशी जर्सीत दिसले. २०१६ मध्ये क्लब अंधेरीला गेला. पन्नास हजारांहून जास्त आसनांच्या क्रिकेट स्टेडियममधून जेमतेम सात-आठ हजारांच्या फुटबॉल मैदानात. खेळासाठी हा बदल चांगलाच झाला. प्रेक्षक मैदानाच्या इतके जवळ आले की बचावपटूने मारलेली हाक कानावर येते. ठाण्या-डोंबिवलीला मात्र पुन्हा घाटकोपरचा पूल आला. त्याच वर्षी उरुग्वेच्या दिएगो फोरलानसह मुंबई साखळीत पहिली आली आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरली. शील्ड तेव्हा नव्हती, त्यामुळे पहिलं येण्याची नोंद झाली, करंडक मिळाला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, आणि त्याबरोबर योजनाही. गोव्याच्या संघाला देखणं, चेंडू पायात ठेवणारं फुटबॉल शिकवणारे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. येताना त्यांनी आपली जुनी माणसंही आणली: मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू, सेनेगलचा उंचापुरा बचावपटू मुर्तदा फाल, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई. इंग्लंडचा अ‍ॅडम ल फाँड्र आणि नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे गोल मारायला. गोलात कर्णधार अमरिंदर सिंग. अंधेरीत या संघाला पाहण्याची घाई सगळ्यांना झाली होती. पण त्याआधीच, मार्च २०२० मध्ये, लोकल थांबली होती.

चारच्या आत, नऊच्या नंतर

ज्याने तो काळ लोकलच्या मार्गावर काढला, त्याला तारखा आजही पाठ असतील. जून २०२० च्या मध्यापासून गाड्या धावल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळेत महिलांना मुभा मिळाली. बाकी सर्वांसाठी दार उघडलं १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही तीन तुकड्यांत: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. गंमत अशी की साडेसातच्या मॅचला हे वेळापत्रक चपखल बसलं असतं. चारच्या आत जा, मॅच संपवून नऊनंतर या. फक्त तिकडे मॅच नव्हती.

मॅच होती गोव्यात, बायो-बबलमध्ये. अकराही संघांचा मुक्काम हॉटेलांत, बाहेरच्या माणसाशी संबंध नाही, ठरावीक दिवसांनी तपासणी. मैदानं तीन: मडगावजवळचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान. वेळापत्रकात एक संघ ‘यजमान’ आणि दुसरा ‘पाहुणा’ असे, पण तो कागदावर. दोघेही हॉटेलातून बसने येत आणि बसनेच परतत. गॅलऱ्या रिकाम्या. टीव्हीवर प्रेक्षकांचा आवाज ऐकू यायचा तो आधी ध्वनिमुद्रित केलेला. चेंडू गोलजवळ गेला की आवाज चढायचा, आणि कधी तर चेंडू बाहेर जाऊन थ्रो-इन होईपर्यंत चढलेलाच राहायचा.

रिकाम्या गॅलऱ्यांचा खेळावर काय परिणाम होतो, याची तपासणी तेव्हा जगभर होत होती. घरच्या मैदानाचा फायदा कशाने होतो हा फुटबॉलमधला जुना वाद. कुणी म्हणतं पाहुणा संघ प्रवासाने थकतो, कुणी म्हणतं यजमानांना गवताची आणि कोपऱ्यांची सवय असते, कुणी म्हणतं प्रेक्षकांच्या ओरड्याने पंचही नकळत झुकतो. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलीगा प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमानांचे विजय घटल्याचं अभ्यासकांना दिसलं. तिथे मैदान आणि प्रवास दोन्ही पूर्वीसारखेच होते, गेले होते फक्त प्रेक्षक. गोव्यात प्रेक्षकही गेले, प्रवासही गेला आणि मैदानही. संघाचं जे स्वतःचं होतं तेवढंच उरलं.

मुंबईचं जे स्वतःचं होतं ते सुरुवातीला फारसं दिसलं नाही. २१ नोव्हेंबरला पहिल्याच सामन्यात जाहूला लाल कार्ड मिळालं आणि नॉर्थईस्ट युनायटेडने पेनल्टीवर १-० ने हरवलं. चार दिवसांनी लोबेरांच्या जुन्या संघाशी, एफसी गोव्याशी गाठ होती. भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ल फाँड्रने १-० असा सामना काढला. मग संघाला सूर सापडला आणि सलग १२ सामने मुंबई हरली नाही. ११ जानेवारीला ओगबेचेच्या एकमेव गोलवर एटीके मोहन बागानला नमवलं. तो विजय तेव्हा तीन गुणांचा वाटला. त्याची खरी किंमत कळायला फेब्रुवारीचा शेवट उजाडावा लागला.

२८ फेब्रुवारी, बांबोळी

२४ फेब्रुवारीला मुंबईने ओडिशाचा ६-१ असा फडशा पाडला. मणिपूरच्या बिपिन सिंगने त्यात तीन गोल केले. तरीही एका सामन्याच्या अंतरावर चित्र असं होतं: एटीके मोहन बागान १९ सामन्यांत ४० गुण, मुंबई १९ सामन्यांत ३७. आणि शेवटचा सामना या दोघांतच.

आता तक्त्याची मजा पाहा. कोलकात्याला बरोबरी पुरत होती. मुंबईला विजयच हवा होता, आणि तो मिळाला तर दोघांचे गुण होणार होते ४०-४०. इथे लीगचा नियम कामाला येतो. गुण समान असतील तर त्या दोन संघांमधले आपसातले सामने पाहायचे. म्हणजे ११ जानेवारीचा तो एक गोल सात आठवडे मुंबईच्या खात्यात पडून होता, आणि २८ फेब्रुवारीला तो वटणार होता.

तो रविवार होता. सातव्याच मिनिटाला फालने हेडर मारला, १-०. ३९ व्या मिनिटाला ओगबेचे, २-०. उरलेला वेळ मुंबईने चेंडू आणि घड्याळ दोन्ही सांभाळलं. १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव; ३५ गोल केले, १८ खाल्ले. शील्ड मुंबईची. कल्याणच्या एखाद्या चाळीत आणि अंधेरीत मैदानाला लागून असलेल्या इमारतीत ती बातमी एकाच क्षणी, एकाच आकाराच्या पडद्यावर पोचली. क्लबच्या जन्मापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. मैदानाजवळ राहणारा आणि लोकलच्या टोकाला राहणारा, दोघंही संघापासून सारखेच लांब.

बाद फेरीत कस लागला. उपांत्य फेरीत पुन्हा एफसी गोवा. ५ मार्चला २-२, आणि ८ मार्चला जादा वेळ धरून १२० मिनिटांत एकही गोल नाही. टाय-ब्रेकरच्या तोंडावर लोबेरांनी कर्णधार अमरिंदरलाच बाहेर बोलावलं आणि गोलात फुर्बा लाचेन्पा या तरुण गोलकीपरला उभं केलं. डाव फसता तर प्रशिक्षकाला कुणी माफ केलं नसतं. डाव साधला. पाच-पाच किकमध्ये निकाल लागला नाही, पुढे एकेक किक सुरू झाली, आणि गोव्याच्याच रॉलिन बोर्जेसने गोव्याच्या संघाविरुद्ध अखेरची किक मारून ६-५ असा निकाल लावला.

१३ मार्च, शनिवार, फातोर्डा. समोर पुन्हा एटीके मोहन बागान. १८ व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने कोलकात्याला पुढे नेलं. २९ व्या मिनिटाला त्यांच्याच तिरीच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला, १-१. मध्यंतराच्या तोंडावर मुंबईत जन्मलेला उजव्या बगलेचा बचावपटू अमेय रानवडे याची प्रतिस्पर्ध्याशी जोरदार टक्कर झाली आणि तो मैदानावर कोसळला. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळाडूंनी घाबरून मारलेल्या हाका घरबसल्या स्पष्ट ऐकू आल्या. त्या क्षणी ध्वनिमुद्रित जल्लोषाचा काही उपयोग नव्हता. रुग्णवाहिकेतून त्याला नेलं. तो बरा झाला आणि पुढे मुंबईकडून खेळलाही, पण त्या रात्री उरलेला सामना सगळ्यांनी अर्धं मन तिकडे ठेवून पाहिला.

९० व्या मिनिटाला जाहूचा लांब चेंडू आला. कोलकात्याचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे धावला, पण त्याला तो नीट काढता आला नाही. ओगबेचेने झडप घालून चेंडू हिसकावला. स्वतः मारला असता तरी चाललं असतं, त्याने बाजूला मोकळ्या असलेल्या बिपिनकडे सरकवला. २-१. शील्ड आणि चषक एकाच मोसमात पटकावणारा मुंबई सिटी हा पहिला संघ ठरला. महाराष्ट्रात अव्वल लीगचं विजेतेपद परतलं ते महिंद्रानंतर १५ वर्षांनी. ठाण्यात, डोंबिवलीत मिरवणूक वगैरे निघण्याचा प्रश्नच नव्हता. रुग्णांचे आकडे पुन्हा चढू लागले होते. जल्लोष झाला तो मोबाइलवर.

किताब बाहेरगावी

तो मोसम अपवाद होता असं समजून पुढे जावं, तर पुढचे निकाल थोडे विचित्र आहेत. शील्डमुळे मिळालेली आशियाची वारी २०२२ मध्ये सौदी अरेबियात रियाधला झाली. ११ एप्रिलला इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला २-१ असं हरवून मुंबई त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. विजयी गोल हेडरने केला तो मुंबईकर राहुल भेकेने. २०२२-२३ मध्ये प्रेक्षक परतले, अंधेरी पुन्हा भरली, संघ पहिले १८ सामने अजिंक्य राहिला. पण शील्ड पक्की झाली ती ११ फेब्रुवारी २०२३ ला, फातोर्ड्यात, एफसी गोव्यावर ५-३ असा विजय मिळवून. ४ मे २०२४ ला पुन्हा चषक आला, तो कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर मोहन बागानला ३-१ असं हरवून. बिपिनचा गोल त्या अंतिम सामन्यातही होता.

म्हणजे दोन शील्ड, दोन चषक. चारही किताबांचा फैसला परगावात, तीन गोव्यात आणि एक कोलकात्यात.

घराजवळ अंतिम सामने झाले नाहीत असंही नाही. लीगचा पहिलाच अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ ला नेरूळला झाला, ठाण्याहून एका गाडीच्या अंतरावर. खेळले कोलकाता आणि केरळ. घराजवळचा दुसरा १७ मार्च २०१९ ला खुद्द अंधेरीत. खेळले बेंगळुरू आणि गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, एकमेव गोल झाला आणि तो मारला राहुल भेकेनेच. तेव्हा तो बेंगळुरूच्या निळ्या जर्सीत होता. मुंबईच्या पोराने मुंबईच्या मैदानावर दुसऱ्या शहरासाठी चषक जिंकला.

हे सगळं एकत्र ठेवलं की लोकलच्या टोकाला राहणाऱ्याला थोडं बरं वाटतं. आपल्यालाच मैदान लांब, ही तक्रार खरी. पण आझादनगरपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्यानेही संघाला किताब पक्का करताना आपल्या डोळ्यांसमोर पाहिलेलं नाही. त्यासाठी त्यालाही विमानच धरावं लागलं असतं. राहता राहिले ते साधे साखळी सामने, जे तक्त्यात तीन किंवा एक गुणाचे असतात. ११ जानेवारीच्या गोलासारखे, ज्यांची किंमत त्या दिवशी कळत नाही. अंधेरीत पाहायला मिळतात ते हेच, आणि शील्ड बनते तीही यांचीच.

मॅचच्या रात्री साडेदहाच्या सुमारास घाटकोपरच्या पुलावर उभं राहिलं तर ऑफिसातून उशिरा सुटलेल्यांच्या गर्दीत चार-दोन आकाशी जर्सी दिसतात. पाठीवर सॅक, एकाच्या हातात गुंडाळलेला झेंडा, आणि डोळे इंडिकेटरवर: कल्याण स्लो की फास्ट.